‘आज पाय कसा आहे?’ : एफएनडी असलेल्या एका घराची हकिगत

पहिल्या गृहभेटीत ‘पाय’ हा शब्द इतक्या वेळा कानावर पडू लागला, की मी वहीच्या कोपऱ्यात रेघा ओढायला सुरुवात केली. पाऊण तासात २९ रेघा झाल्या. त्याआधीचे धरलेलेच नाहीत. पाय हलला का, पाय नीट ठेव, पायाकडे बघून चाल, आज पाय बरा दिसतोय, काल पाय असा नव्हता. घरातली चार माणसं एकाच पायाभोवती राहत होती. प्रेमानं बोलत होती, आणि त्या प्रेमानंच पाय बिघडत होता. तसं मला तेव्हा वाटलं होतं. त्यांना ते पटायला मात्र तीन महिने लागले, आणि त्यातले दोन आठवडे माझ्या चुकीमुळे वाढले.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. फिजिओथेरपिस्ट हालचाल सुधारतात. ती हालचाल माणसाला कशासाठी हवी आहे, अंघोळीसाठी, नोकरीसाठी की मुलीच्या शाळेच्या कार्यक्रमाला जाण्यासाठी, ते बघणं माझं काम. जिची ही हकिगत आहे तिला मी ‘बाई’ म्हणणार आहे. त्या गणित शिकवतात आणि विद्यार्थी त्यांना तशीच हाक मारतात. त्यांना एफएनडी, म्हणजे फंक्शनल न्यूरोलॉजिकल डिसऑर्डर आहे : अवयव शाबूत असतो, पण मेंदूला तो हुकमी वापरता येत नाही. ओळख पटेल असं काही इथं ठेवलेलं नाही.

घसरलेली पायरी

वय ३६. घरात नवरा, अकरा वर्षांची मुलगी आणि सासूबाई. अधूनमधून अर्धशिशीचा त्रास, बाकी तब्येत ठणठणीत. शाळेच्या जिन्यावर पाय घसरला आणि उजवा घोटा मुरगळला. एक्स-रेत हाड शाबूत. तीन दिवस पाय उशीवर घेऊन पडून राहिल्या आणि चौथ्या दिवशी उठायला गेल्या तर, त्यांच्याच शब्दांत, ‘पायानं ओळखच दाखवली नाही’. सूज उतरली होती, दुखणंही कमी झालं होतं, पण मांडीपासून खाली सगळा पाय जड. चालताना तो मागून फरफटत यायचा, जमीन पुसत आल्यासारखा.

सहा आठवड्यांनी झटके सुरू झाले. आधी ओठांना मुंग्या यायच्या, आवाज लांब जायचे, मग त्या कोसळायच्या. डोळे गच्च मिटलेले, अंग थरथरतंय. कधी पाच मिनिटं, कधी वीस. आठवड्यातून चार-पाच वेळा.

मेंदूचा आणि मणक्याचा एमआरआय झाला, नसांची तपासणी झाली, रक्त तपासून झालं. सगळं व्यवस्थित. एका दवाखान्यातून ‘काही झालेलं नाही, टेन्शन घेऊ नका’ असं सांगून घरी पाठवलं. दुसरीकडे फिटच्या गोळ्या सुरू केल्या. सासूबाई म्हणाल्या, “रिपोर्ट नॉर्मल आहेत ना, मग पाय का नाही नॉर्मल?” त्यात टोमणा होता, हे खरं. पण प्रश्न बिनतोड होता, आणि दोन्ही ठिकाणी त्याचं उत्तर कुणी दिलं नव्हतं. नवरा काही बोलला नाही. रात्री बायको झोपेत कूस बदलते तेव्हा तोच पाय कसा सहज हलतो, हे मात्र तो जागा राहून बघायचा. हे त्यानंच मला पुढं सांगितलं, माझ्याकडं न बघता.

टाचेखालचा हात

तिसरे डॉक्टर न्यूरॉलॉजिस्ट. त्यांनी एमआरआयची पाकिटं बाजूला ठेवली आणि बाईंना पाठीवर झोपायला सांगितलं. उजव्या टाचेखाली स्वतःचा हात ठेवून म्हणाले, “टाच खाली दाबा.” जोर जवळजवळ नाहीच. मग तो हात तिथंच राहू देऊन दुसरा हात डाव्या मांडीवर ठेवला आणि म्हणाले, “आता डावा पाय वर उचला, मी दाबून धरतो.” बाई डाव्या पायावर जोर लावत असताना उजवी टाच खालच्या हातावर चांगली रुतली. एक पाय उचलताना दुसरा आपोआप खाली रेटला जातो, सगळ्यांचाच. मुद्दाम करायला सांगितलं तर न येणारी ताकद, लक्ष दुसऱ्या पायावर गेल्याबरोबर परत आली. या खुणेला हूवरची खूण म्हणतात. चार्ल्स हूवर या अमेरिकन डॉक्टरांनी ती १९०८ मध्ये लिहून ठेवली आहे. तिला यंत्र लागत नाही.

डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट केली आणि माझ्या मते पुढचं सगळं तिच्यावर उभं राहिलं. ही खूण त्यांनी नवऱ्याला जवळ बोलावून दाखवली, टाचेखाली त्याचाही हात ठेवायला लावला. मग सांगितलं, “पायाची ताकद शाबूत आहे. मेंदूला ती हुकमी वापरता येत नाहीये. यांना फंक्शनल न्यूरोलॉजिकल डिसऑर्डर आहे, एफएनडी. हा खरा आजार आहे, आणि तपासणीत तो मला दिसला म्हणून मी नाव घेतोय. रिपोर्टात काही सापडलं नाही, म्हणून नव्हे.”

बाईंनी विचारलं, “म्हणजे हे मी करत नाहीये?”

“नाही.”

त्या रडल्या. नवराही रडला, पण बाहेर व्हरांड्यात जाऊन.

इथं थोडं थांबते, कारण या आजाराच्या नावाचा इतिहास बराच ओशाळवाणा आहे. याला पूर्वी हिस्टेरिया म्हणत. गर्भाशयासाठी जो ग्रीक शब्द आहे त्यावरून हे नाव आलं, म्हणजे दोष कुणाच्या अंगी हे नावातच ठरलं. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या साल्पेत्रियेर रुग्णालयात फ्रेंच न्यूरॉलॉजिस्ट शार्को यांनी याचा न्यूरॉलॉजीचा आजार म्हणून अभ्यास केला. पुढं मनोविश्लेषणाचे जनक फ्रॉइड यांनी दडपलेलं दुःख शरीरावर उमटतं असं मांडलं आणि हा आजार न्यूरॉलॉजीच्या दारातून मानसोपचाराच्या दारात गेला. दोन्हीकडचे लोक ‘आमच्याकडचा नाही’ म्हणू लागले. २०१३ मध्ये डीएसएम-५ या मानसिक आजारांच्या अमेरिकन निदानपुस्तिकेत बदल झाला : मागं मानसिक ताण किंवा आघात असायलाच हवा ही अट गेली आणि तपासणीतल्या ठोस खुणा महत्त्वाच्या ठरल्या. आघात काहींच्या आयुष्यात असतो, काहींच्या नसतो. बाईंच्या बाबतीत जिना होता, घोटा होता, आधीपासूनची अर्धशिशी होती. त्याखाली काय दडलंय म्हणून उकरत बसणाऱ्या नातेवाइकांना त्या पुढं सरळ म्हणायच्या, “पायरी ओली होती.”

नवऱ्याची एक भीती राहिली होती. खरा आजार निसटला तर? ती रास्त होती. डॉक्टरांनी त्याला सांगितलं, की २००५ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलेल्या आढाव्यात १९७० नंतरच्या अभ्यासांत अशी निदानं चुकण्याचं प्रमाण ४ टक्क्यांच्या आसपास दिसलं, म्हणजे न्यूरॉलॉजीतल्या इतर निदानांच्या तोडीचंच. शिवाय तुम्ही एकटे नाही. स्कॉटलंडमध्ये न्यूरॉलॉजीच्या बाह्यरुग्ण विभागात आलेल्या ३,७८१ नव्या रुग्णांच्या पाहणीत डोकेदुखीच्या खालोखाल फंक्शनल आणि मानसिक लक्षणांच्या गटाचा क्रमांक लागला होता, सुमारे १६ टक्के. मग झटक्यांसाठी व्हिडिओ ईईजी केला, म्हणजे चित्रीकरण करत मेंदूतल्या विजेचा आलेख काढला. झटका सुरू असताना मेंदूच्या आलेखात अपस्माराची, म्हणजे फिट येण्याच्या आजाराची, कोणतीही खूण उमटली नाही. फिटच्या गोळ्या डॉक्टरांनी हळूहळू बंद केल्या. त्या स्वतःहून बंद करायच्या नसतात.

सासूबाईंना समजावायचं काम माझ्याकडं आलं. मी त्यांना सही करायला सांगितली. त्यांनी झरकन केली. मग म्हटलं, “आता हुबेहूब तशीच पुन्हा करा, मी दोन्ही ताडून बघणार आहे.” पेन अडखळलं, मधलं अक्षर वाकडं झालं. हसल्या आणि म्हणाल्या, “बघताय म्हणून बिघडली.” मी म्हटलं, “त्यांच्या पायाचं तसंच झालंय. फरक एवढाच, की तुमचा हात दोन मिनिटांत सुटेल, त्यांचा पाय अडकून बसलाय.” मुरगळलेला घोटा जपायला मेंदू शिकला, घोटा बरा झाला तरी जपणं सुटलं नाही. पाऊल टाकायच्या आधीच मेंदू ‘हा जमणार नाही’ असा अंदाज बांधून मोकळा होतो, आणि जितकं लक्ष द्यावं तितका तो अंदाज पक्का होतो. ही सगळी गोष्ट नव्हे, मेंदूत काय घडतं ते याहून गुंतागुंतीचं आहे. पण घरात वागायचं कसं हे ठरवायला एवढं पुरलं.

माझी कुबडी

आता माझी चूक. दुसऱ्या भेटीच्या आधी बाई दोनदा पडल्या होत्या. मी घाबरले आणि एक एल्बो क्रच, म्हणजे कोपराला धरणारी कुबडी दिली. एफएनडीत सुरुवातीला अशी साधनं जपून द्यावीत हे मला ठाऊक होतं. ऑक्युपेशनल थेरपिस्टसाठी २०२० मध्ये निघालेल्या शिफारशींत ते स्पष्ट आहे. तरी दिली, कारण पडलेल्या माणसाला काही न देता परत येणं अंगावर येतं.

दोन आठवड्यांनी गेले तर कुबडीशिवाय तीन पावलंही टाकता येत नव्हती. सगळं वजन डावीकडं झुकलं होतं, डावा खांदा दुखायला लागला होता आणि उजवा पाय आधीपेक्षा जास्त फरफटत होता. कुबडीनं पडणं थांबवलं, हे खरं. पण ‘हा पाय कामाचा नाही’ हा अंदाजही तिनं पक्का केला.

म्हणून साधनं वाईट, असं मी म्हणत नाही. चाकाच्या खुर्चीमुळं घराबाहेर पडू शकलेली, तिच्यामुळंच नोकरी टिकलेली एफएनडीची माणसं मी पाहिली आहेत, आणि त्यांना ‘खुर्ची सोडा’ म्हणणारे फुकटचे सल्लागारही पाहिले आहेत. साधनानं आयुष्य रुंद होतंय की अरुंद, एवढंच मी बघते. कुबडी आम्ही काढून घेतली नाही. घरात नाही, बाहेर लांब जायचं असेल तरच, आणि दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी तिचा फेरविचार, असं ठरवलं. बाईंनी कुबडीवर तारखेची चिठ्ठी चिकटवली. औषधाच्या बाटलीवर असते तशी. घरात पडू नये म्हणून न्हाणीघरात खालून न घसरणारी पट्टी आणि बसायला स्टूल, इतकंच ठेवलं. पायाला पट्टे, स्प्लिंट काही नाही. बांधून ठेवलेला अवयव आणखी आखडतो आणि लक्षही तिकडंच खेचतो.

सतराचा पाढा

तिसऱ्या भेटीत मी बाईंना हॉलमध्ये उलटं चालायला सांगितलं. पाय जवळजवळ नीट पडला. उलटं चालणं मेंदूच्या बिघडलेल्या सवयीत बसत नाही, म्हणून ते बऱ्याचदा सुटं निघतं. मग म्हटलं, आता सरळ चाला, पण ५१० पासून सतरा-सतरा वजा करत. गणिताच्या बाईच त्या. “चारशे त्र्याण्णव, चारशे शहात्तर, चारशे एकोणसाठ…” पलीकडच्या भिंतीपर्यंत गेल्या, वळल्या, निम्म्या वाटेवर आल्या. उजवं पाऊल उचललं जात होतं, टाच आधी टेकत होती.

दारात उभा असलेला नवरा ओरडला, “अगं बघ, चालता येतंय तुला!”

पाय तिथंच थांबला. बाईंचा चेहरा पडला.

या प्रकरणात सगळ्यात जास्त शिकवलं ते या क्षणानं. त्याच्या आवाजात निखळ आनंद होता. तिला ऐकू आलं ते वेगळंच : म्हणजे इतके दिवस येत होतं. शिवाय त्यानं तिचं लक्ष पाढ्यावरून उचलून परत पायावर आणून ठेवलं. चेष्टा आणि कौतुक, दोन्हींनी पाय सारखाच अडतो हे मला तोवर पुस्तकातून माहीत होतं, असं समोर घडताना पाहिलं नव्हतं.

त्या संध्याकाळी आम्ही सगळे बसलो आणि घराचे नियम ठरवले. सकाळचा ‘आज पाय कसा आहे?’ बंद. त्याऐवजी ‘आज काय काय करायचंय?’ पायाबद्दल बोलायचं तर रात्री, दहा मिनिटं, आणि विषय बाईंनी काढायचा. चालताना कुणी दंड धरायचा नाही. बरोबर चालायचं असेल तर चालावं, गप्पा मारत. नीट चालल्या तर टाळ्या नाहीत, अडखळल्या तर ‘अरेरे’ नाही. उठून पाणी आणून देऊ नये, पण पडल्या तर धावावं. हा शेवटचा मुलीनं लिहिला आणि त्याखाली दोनदा रेघ मारली.

सासूबाईंना हे सगळ्यात जड गेलं. सून धडपडत असताना आपण बसून राहायचं? “लोक काय म्हणतील?” हा प्रश्न त्यांनी चारदा विचारला. मग त्यांनीच तोड काढली. सुनेच्या मागोमाग जाण्याऐवजी त्या दुसऱ्या खोलीतून हाक मारून काहीतरी विचारू लागल्या : विजेचं बिल गेल्या वेळेपेक्षा किती वाढलं गं? कपाटाची दुसरी किल्ली कुठे ठेवलीस? उत्तर शोधत सून हाकेच्या दिशेनं चालत यायची. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. मी आता इतर घरांत शिकवते.

फिजिओथेरपिस्टनं बाईंचा पाढे म्हणत चालतानाचा व्हिडिओ काढून त्यांनाच दाखवला. तो त्यांनी मोबाइलमध्ये ठेवला. अडलेल्या दिवशी बघायच्या, ‘हा पाय माझाच आहे’ हे पटवायला. दुसऱ्या कुणाला दाखवायचा नाही, ही अट त्यांची. बरोबरच होती, असा व्हिडिओ चुकीच्या हाती पडला तर पुरावा म्हणून वापरला जातो.

थकवा

पायाकडं सगळे बघतात, थकव्याकडं कुणी बघत नाही. बाईंना विचाराल तर पहिल्या वर्षात जास्त हिरावलं ते थकव्यानं. चांगला दिवस उगवला की त्या तुंबलेली सगळी कामं उरकायच्या आणि पुढचे तीन दिवस आडव्या. दोन आठवडे नोंद ठेवल्यावर त्यांनी स्वतःच आलेख काढला, तो करवतीच्या दातांसारखा दिसत होता. मग उलटं धोरण ठरलं : वाईट दिवशीही झेपेल इतकंच काम चांगल्या दिवशी करायचं, आणि ते दर आठवड्याला थोडं वाढवायचं. त्यांच्यासारख्या माणसाला ही शिक्षा होती. उत्साह असताना थांबणं हे थकल्यावर थांबण्यापेक्षा कितीतरी अवघड.

झटके

झटक्यात बाईंना बऱ्याचदा ऐकू यायचं. बोलता यायचं नाही, डोळे उघडायचे नाहीत, पण ऐकू यायचं. एकदा रस्त्यात झटका आला. भोवती घोळका जमला, कुणीतरी तोंडात चमचा घालायला बघत होतं आणि दुसरं कुणीतरी म्हणालं, “नाटक आहे.” झटका त्यानंतर आणखी लांबला. ते वाक्य त्या मला सांगत होत्या तेव्हा सहा महिने उलटले होते, तरी आवाज बदलला.

या झटक्यांना फंक्शनल किंवा डिसोसिएटिव्ह झटके म्हणतात. मेंदूत अपस्मारासारखा विजेचा लोळ उठत नाही, म्हणून फिटच्या गोळ्यांचा त्यांवर उपयोग नसतो. काही जणांना दोन्ही प्रकार असतात, त्यामुळं ओळख डॉक्टरांनीच पटवायची. बाईंची ओळख पटलेली होती, म्हणून न्यूरॉलॉजिस्टच्या संमतीनं आम्ही एक कार्ड केलं. पर्समध्ये एक, शाळेत एक, घरी एक :

‘मला फंक्शनल झटके येतात. डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवा, आजूबाजूच्या टणक वस्तू हलवा. मला दाबून धरू नका, तोंडात काही घालू नका. गर्दी करू नका. एकानं शांत आवाजात बोलत राहा, मला ऐकू येतं. मला मार लागला, श्वास घ्यायला त्रास झाला किंवा झटका नेहमीपेक्षा वेगळा वाटला, तर रुग्णवाहिका बोलवा. नाहीतर घरी कळवा आणि थांबा.’

‘आणि थांबा’ हे दोन शब्द घालायचे की नाही यावर बराच वाद झाला. नवऱ्याला ते भीतिदायक वाटत होते. बाई म्हणाल्या, “मला तेच हवंय. कुणीतरी काही न करता थांबावं.” राहिले.

झटक्याची पूर्वसूचना आणि झटका यांच्यात वीस-तीस सेकंद मिळायची. मानसोपचारतज्ज्ञांबरोबर त्या त्याच फटीवर काम करत होत्या : ओठांना मुंग्या आल्या की खाली बसायचं, तळवा भिंतीवर टेकवून तिचा गारवा शोधायचा, समोरच्या पाच वस्तूंची नावं मोठ्यानं घ्यायची. पहिल्या महिन्यात एकदाही जमलं नाही. दुसऱ्यात दोनदा जमलं. उपचारातून काय मिळेल हे त्यांना आधीच सांगितलेलं होतं आणि ते प्रामाणिक होतं. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३६८ रुग्णांवरच्या ब्रिटिश चाचणीत कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपीमुळं, म्हणजे विचारांच्या आणि वागण्याच्या सवयींवर काम करणाऱ्या मानसोपचारामुळं, वर्षभरानंतर झटक्यांची महिन्याची संख्या केवळ ठरावीक वैद्यकीय उपचारांच्या तुलनेत लक्षणीय घटली नाही. पण झटक्यांविना गेलेला सलग काळ लांबला आणि रोजचं जगणं सुधारलं. बाई त्यावर म्हणाल्या, “म्हणजे संख्येकडे बघायचं नाही. गणिताच्या बाईला सांगताय हे!”

स्कूटर बंद झाली, डॉक्टर सांगेपर्यंत. न्हाणीघराची कडी आतून लावायची नाही, दारावर पाटी उलटायची. गॅलरीच्या कठड्याशी स्टूलवर चढणं बंद. याबद्दल वाद झाले नाहीत.

शाळा

मुख्याध्यापिकांना काय सांगायचं यावर एक अख्खी भेट गेली. बाईंना आजाराचं नाव सांगायचं नव्हतं; शोधून वाचलं की लोक काय वाचतील याचा भरवसा नाही. माझं मत वेगळं होतं : नाव नसलेल्या आजाराला लोक स्वतःच नाव देतात. शेवटी त्यांनी नाव सांगितलं, मोजक्या शब्दांत, डॉक्टरांच्या पत्रासह. मागण्या चारच होत्या. वर्ग तळमजल्यावर. सुरुवातीला रोज दोन तास, तेही सकाळचे. मधल्या सुट्टीत दार लावून वीस मिनिटं पडता येईल अशी जागा. आणि झटका आला तर काय करायचं हे माहीत असलेली एक सहकारी. पैशाला तोशीस पडेल असं यात काही नव्हतं, तरी मंजुरीला पाच आठवडे लागले. स्टाफरूममध्ये ‘बसून शिकवायला मिळालं की आम्हीही आजारी पडू’ असं कुणीतरी बोललंच. बाईंनी ते ऐकलं आणि उत्तर दिलं नाही. मला घरी येऊन सांगितलं, त्यातच त्या दिवशीची शक्ती संपली.

मुलांचं सोपं गेलं. पहिल्याच दिवशी त्यांनी वर्गाला सांगितलं, की माझा पाय मध्येच ऐकत नाही, त्याची दया करायची नाही. मागच्या बाकावरून एकानं विचारलं, “बाई, म्हणजे पाय चालायचं विसरतो का?”

“विसरत नाही रे. फार लक्षात ठेवतो.”

याहून नेमकी व्याख्या मला कुठं मिळालेली नाही.

फळ्यासमोर उभं राहून त्या शिकवायला लागल्या, की पाय आपसूक वजन घेतो, हे लक्षात यायला महिना गेला. समीकरण सोडवताना त्या फळ्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालतात. घंटा झाली आणि वर्गाच्या दारापर्यंत जायचं म्हटलं, की फरफट सुरू. शिकवताना उभी राहू शकते तर मग खुर्ची कशाला, हे विचारणारेही निघाले. त्यांच्यासाठी एक वाक्य ठरवलं होतं : “बदलत राहणं हीच या आजाराची खूण आहे, डॉक्टरांना विचारा.” पुढची चर्चा करायची नाही.

नवरा

त्याच्याबद्दल कुणी विचारत नव्हतं. एकदा मी निघाले तेव्हा तो गाडीपर्यंत आला आणि म्हणाला, “मी तिच्यावर संशय घेतला होता. तिला कळलं असेल का?” मी म्हटलं, तिला विचारा. विचारलं. तिला कळलं होतं. त्या रात्री काय बोलणं झालं ते मला माहीत नाही, पण नंतर तो आठवड्यातून एक संध्याकाळ मित्रांबरोबर घालवू लागला. त्या वेळी घरी झटका आला तर सासूबाई आणि मुलगी कार्डाप्रमाणे सगळं करतात. अकरा वर्षांच्या मुलीवर हे टाकावं का, याचं मला अजूनही नीट उत्तर नाही. तिला नुसतं बघत उभं राहण्यापेक्षा काम असलेलं बरं वाटतं, एवढं तिनं सांगितलंय.

मागं जाणं

सातव्या महिन्यात बाईंना ताप आला, चार दिवस. पाचव्या दिवशी पाय परत मेला. सगळं घर पुन्हा पायाकडं बघायला लागलं. सासूबाईंनी माळ्यावरून कुबडी काढली. यासाठी आधी लिहून ठेवलेला एक कागद होता, बाईंच्याच अक्षरात, कपाटाच्या दाराला आतून लावलेला. ‘परत आलं तर : हे आधीही आलं होतं आणि गेलं होतं. दोन दिवस विश्रांती, चौथ्या दिवसाची वाट बघायची नाही. उलटं चालणं, मग पाढे. व्हिडिओ बघ. नवं लक्षण असेल तर डॉक्टर, जुनंच असेल तर थेरपिस्टला फोन.’ चौथ्या दिवसाचा उल्लेख त्यांनी मुद्दाम केला होता, पहिल्या वेळी पडून राहिलेले तीन दिवस आठवून. तीन आठवडे लागले, पहिल्यासारखे महिने नाहीत. शेवटच्या ओळीचं महत्त्व मी सगळ्यांना सांगते. एफएनडी असलेल्या माणसाला दुसरा आजार होऊच शकत नाही असं नसतं, आणि प्रत्येक नवी तक्रार ‘तेच असेल’ म्हणून झटकली जाणं हा यातला खरा धोका आहे.

याच सुमारास त्यांना हाच आजार असलेल्या दुसऱ्या एका बाईंची ओळख झाली. फोनवर बोलतात. सुरुवातीला रोज, लक्षणांची उजळणी करत, आणि फोन ठेवला की बाईंचा हातही जड वाटायचा. मग दोघींनी ठरवलं, की पहिली पाच मिनिटं आजाराची, बाकी कशाचीही.

चौदा महिन्यांनंतर

घरात कुबडी नाही. शाळा आठवड्यातून चार दिवस, रोज चार तास. झटके महिन्या-दोन महिन्यांतून एक, बहुतेक झोप कमी झाल्यावर. थकवा आहे. लांब चालायचं असेल तर साधी काठी घेतात. तिच्यावरही तारखेची चिठ्ठी असते, फक्त तारीख आता तीन महिन्यांनी येते. स्कूटरबद्दल डॉक्टरांशी बोलणं सुरू आहे.

मागच्या भेटीत मी पुन्हा रेघा मोजल्या. ‘पाय’ दोनदा आला, त्यातला एक टेबलाचा होता.

ज्या जिन्यावर त्या घसरल्या तो जिना मात्र अजून टाळतात. वरच्या मजल्यावर जायचंच झालं तर मागच्या बाजूनं वळसा घालून जातात. त्यावर काम करायचं का, असं मी विचारलं. त्यांनी दिनदर्शिका उघडली, बोट फिरवलं आणि म्हणाल्या, “सहामाही परीक्षा होऊ द्या. पेपर तपासून झाले की बघू.”